मेजरमेंट बुकात माणूस नाही



चरात माणूस गाडला गेला की पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. 'मातीचा ढिगारा कोसळून मजूर ठार.' हे वाक्य नीट वाचा. यात मारणारा कोण? ढिगारा. आरोपी माती, तिचा साथीदार पाऊस. चर उभा कापा म्हणून सांगणारा या वाक्यात नाही. फळ्या-टेकू न लावता माणसं आत उतरवणारा नाही. 'काम समाधानकारक' म्हणून सही ठोकणारा तर नाहीच नाही. मातीला वकील लागत नाही, जामीन लागत नाही, म्हणून सगळा गुन्हा मातीच्या माथी.

पेपरातल्या चार ओळी संपल्या की बंद खोलीत दुसरी भानगड सुरू होते. मालक म्हणतो, मी सल्लागार इंजिनिअर नेमला होता, त्याला फी दिली, त्याला विचारा. सल्लागार म्हणतो, माझं काम देखरेखीचं, खोदायचं कसं ते ठेकेदारानं बघायचं. ठेकेदार म्हणतो, मी नकाशाबरहुकूम खोदलं, आणि तेही पोटठेक्यानं दिलं होतं. पोटठेकेदार म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, साहेब, मी पण गरीबच. विमा कंपनी म्हणते, पॉलिसीत हे बसत नाही. याला त्यांच्या भाषेत व्यावसायिक जबाबदारीचा वाद म्हणतात. नोटिसा जातात, लवाद बसतो, तज्ज्ञांचे अहवाल येतात, वर्षं जातात. या वादात सगळे पक्षकार असतात. जो मेला तो नसतो. त्याची बाई साक्षीदारसुद्धा नसते. ती तोवर पोरं घेऊन गावाला परत गेलेली असते.

आपण म्हणतो, साहेबलोकांचा आपसातला तंटा, आपल्याला काय त्याचं? इथंच आपण फसतो. आपला माणूस खड्ड्यात का मेला याचा हिशोब त्याच कागदांत असतो. ते कागद वाचायला शिकलो नाही तर आपला मोर्चा साइटच्या गेटपर्यंतच जाणार आणि तिथूनच परत येणार.

तर आधी हिशोब मांडू.

एक चर घ्या. १०० फूट लांब, ३ फूट रुंद, १० फूट खोल. कडा भिंतीसारख्या सरळ कापल्या तर माती निघते ३,००० घनफूट, म्हणजे ३० ब्रास. आता कडांना उतार द्या. फार नाही, दोन फूट खोलीला एक फूट. चर वरच्या बाजूला १३ फूट रुंद होतो आणि माती निघते ८,००० घनफूट, म्हणजे ८० ब्रास. पन्नास ब्रास जादा खोदाई, जादा वाहतूक, जादा भराव. जागा नसेल तर उतार देऊ नका, पण मग कडांना फळ्या आणि आडवे टेकू द्या. त्यालाही लाकूड लागतं, वेळ लागतो, पैसा लागतो.

आणि बऱ्याच टेंडरांत खोदाईचं माप सरळ कडा धरूनच होतं. उतार दिला तर वरची पन्नास ब्रास ठेकेदाराच्या खिशातून. तो देतो होय? तो माणूस उतरवतो. एक ब्रास ओली माती साडेचार-पाच टनांच्या घरात जाते. माती छातीपर्यंत आली तर डोकं बाहेर असूनही माणूस गुदमरतो, कारण श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. ती पन्नास ब्रास कोणाच्या छातीवर वाचवली जाते हे वेगळं सांगायला नको.

हे इंजिनिअरिंगला ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. खोदकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक, आयएस ३७६४, पहिल्यांदा १९६६ साली निघालं आणि १९९२ साली सुधारलं. दीड मीटरपेक्षा खोल चर मोकळा सोडू नका, आधार द्या. काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाका. आत उतरायला शिडी ठेवा. दीड मीटर म्हणजे किती? उभ्या माणसाच्या खांद्याच्या आसपास. ही काही कोणा क्रांतिकारकाची मागणी नाही. पुस्तकातली गोष्ट आहे, इंजिनिअर ती परीक्षेत लिहून पास होतो. आता आपल्या वस्तीजवळ ड्रेनेजचा चर चालू असेल तिथं जाऊन बघा. माती कडेला लागून, गडी तळाला, शिडीचा पत्ता नाही.

सरकारी कामावर एक जाडजूड पुस्तक असतं. मेजरमेंट बुक. साहेबलोक त्याला एमबी म्हणतात. बिल निघतं ते यावरच. त्यात लांबी, रुंदी, खोली. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे प्रकार. निघाला तो मुरूम होता का कठीण खडक होता, यावर ठेकेदार सरकारला लवादात खेचतो, कोर्टात खेचतो, वर्षानुवर्षं भांडतो. कारण दरात फरक. दगडाची जात ठरवायला तज्ज्ञ येतात, नमुने जातात. पण त्या दिवशी त्या चरात कोण उतरलं होतं, कड उभी होती का उतरती, टेकू होते का नव्हते, याला त्या पुस्तकात रकाना नाही. मातीची नोंद इंचाइंचाची. माणसाची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात, तीही मेल्यावर.

आता देखरेखवाल्या साहेबाचं म्हणणं ऐकून घेऊ. तो म्हणतो, मी रोज साइटवर नसतो, अधूनमधून येतो. मी झालेलं काम तपासतो. काम कसं करायचं ते ठेकेदारानं बघायचं. हा युक्तिवाद जुना आहे, साहेबाच्या देशातून आला आहे. १९६२ साली इंग्लंडच्या अपील कोर्टात एका गवंड्याचा दावा चालला. अंगावर भिंत कोसळून तो जखमी झाला होता. कोर्ट म्हणालं, काम सुरक्षित रीतीनं कसं करायचं ही बिल्डरची बाब, आर्किटेक्ट त्याला जबाबदार नाही. आपल्याकडचे सल्लागारही तेच गाणं गातात.

बरं, घटकाभर मान्य करू. मग एकाच सवालाचा जवाब द्या. काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडलं तर हाच साहेब काम थांबवू शकतो. भरावाचा थर रोलरनं नीट दाबला नसेल तर उकरून पुन्हा घालायला लावू शकतो. बिल अडवू शकतो. करार त्याला हा सगळा अधिकार देतो. म्हणजे माल खराब निघाला तर काम बंद पाडायची ताकद आहे. आणि दहा फूट उभा चर दिसला, तळाला सहा माणसं दिसली, तर ताकद नाही? सिमेंटच्या गोणीसाठी तोंड उघडतं आणि माणसासाठी 'ही ठेकेदाराची बाब' होते? ज्याच्या शब्दानं काम थांबतं, त्यानं ते थांबवलं नाही तर तो जबाबदार. बाकी सगळी वकिली.

कायद्यात हे नव्हतं का? होतं. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याचं कलम ४४ सुरक्षिततेसाठी सतत आणि पुरेशी देखरेख ठेवायची जबाबदारी मालकावर टाकत होतं. तो कायदा २०२० च्या संहितेत गेला, संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचं नाव बदललं, चराची खोली बदलली नाही.

आणि फौजदारीचं काय? निष्काळजीपणानं मृत्यू घडवला म्हणून भारतीय दंड संहितेचं ३०४-अ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी न्याय संहितेचं कलम १०६ आलं. पण कलम लावून भागत नाही. मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मेले होते. सुप्रीम कोर्टानं १९६५ साली मालकाला ३०४-अ मधून मोकळं केलं. ज्वालाग्राही पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणाची शिक्षा तेवढी कायम राहिली. का? तर मृत्यूचं थेट कारण पाहिजे, आणि थेट कारण काय, तर एका कामगारानं टर्पेंटाइन घाईनं ओतलं. जागा मालकाची, बर्नर मालकाच्या परवानगीनं पेटलेले, आणि थेट कारण कामगाराचा हात! बचावाचा वकील खोदकामाच्या केशीत हीच वाट धरतो. थेट कारण पाऊस. थेट कारण जेसीबीचा हादरा. थेट कारण मजूर 'सूचना न ऐकता' खाली उतरला. या थेट कारणाच्या आडोशाला टेंडर, नकाशा, सही आणि टक्केवारी निवांत बसून राहतात.

चराची गोष्ट लहान वाटत असेल तर धरणाची घ्या. मातीचं धरण म्हणजे तरी काय, थरावर थर दाबलेलं मातीकामच. पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. काम पुरं झालेलं नव्हतं आणि पाणी मात्र साठवलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट, दरवाजा धड बसलेला नाही. मोरीतून पाणी धडका देत निघालं आणि वरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून टाकून धरण धरायचा प्रयत्न केला. धरण गेलं, मग खालचं खडकवासला गेलं, मग पुणं बुडालं. चौकशी आयोग बसला. न्यायमूर्ती बावडेकरांचा चौकशी चालू असतानाच मृत्यू झाला, ती न्यायमूर्ती नाईकांनी पुढं नेली. घाई कोणाची, आदेश कोणाचा, चूक इंजिनिअरांची का मंत्र्यांची, यावर शहाण्यांनी पुढं कितीतरी वर्षं चर्चा केली. पेठांतल्या वाड्यांच्या आठवणी छापून आल्या. अर्धवट भरावावर शेवटपर्यंत पाट्या वाहणाऱ्यांच्या आठवणी कोणी छापल्या?

हे जुनं झालं म्हणता? मग २०१९ घ्या. २९ जूनला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ मेले, त्यात लेकरं. बहुतेक बिहारचे. मागोमाग पुण्यातच आंबेगावला एका कॉलेजची भिंत मजुरांवर पडली. २ जुलैच्या पहाटे मालाडला महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत खालच्या झोपड्यांवर आली. पिंपरीपाडा, आंबेडकर नगर. नाव वाचा, दोस्तहो. आंबेडकर नगर. २५ हून जास्त माणसं गेली. आणि त्याच २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. चार दिवसांत चार ठिकाणी माती आणि भिंत माणसांवर आली.

तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. फुटल्यावर राज्याचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडा! खेकड्यानं टेंडर भरलं होतं का? खेकड्यानं एमबी लिहिली होती का? मातीच्या धरणाला बीळ पडतं, पाझर वाढतो, पाझराबरोबर आतली माती निघून जाते, हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात आहे. म्हणूनच थर दाबायचे, दगडी पिचिंग करायचं, पावसाळ्याआधी धरणावर चालत जाऊन गळती शोधायची. बीळ करणं हा खेकड्याचा धर्म आहे. ते बीळ शोधण्यासाठी महिन्याला पगार घेणारा कोण होता, एवढंच सांगा.

या सगळ्यात जात कुठं आली, असं विचारणारे विचारवंत आपल्या ओळखीचे आहेत. त्यांना कुठल्याही मातीकामावर घेऊन जा. कोणाच्या हातात कुदळ, कोणाच्या हातात टेप आणि कोणाच्या हातात पेन ते बघा म्हणावं. चातुर्वर्ण्य शिकायला मनुस्मृती उघडायची गरज नाही. वडारांत तर मातीवडार असं नावच पडलं. महार, मांग, वडार, कैकाडी, बंजारा, आदिवासी, आणि आता बिहार-तेलंगणातून येणारे त्यांचेच भाऊबंद. गावची विहीर खणताना आमचे हात चालले, पाणी शेंदताना त्याच हातांचा विटाळ झाला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती या हिशोबापोटी. पण खणताना जो आत गाडला गेला त्याचा हिशोब अजून मागायचा राहिला आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवणारे म्हातारे-म्हाताऱ्या आपल्या वस्त्यांत अजून आहेत. त्यांना विचारा. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. मजुरी मापावर, आणि टेप कारकुनाच्या हातात. मोजणीत खोट आली की ती मजुराच्याच बाजूला यायची. वि. स. पाग्यांची रोजगार हमी, तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. चांगला कायदा, त्यानं चुली पेटत्या ठेवल्या. पण त्यातही मातीचंच माप होतं. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं मूळ अनुसूचीत कामावर मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची रक्कम लिहिली २५,००० रुपये. एका जिवाचा भाव.

आता थोडं स्वतःकडं बघू. अपघात झाला की आपण धावतो, घोषणा देतो, प्रेत ताब्यात घेत नाही. मग आमदार येतो, पाच लाखांचा चेक देतो, फोटो निघतो. आपण चेक बाईच्या हातात ठेवून तिला एसटीत बसवून देतो. केस बेवारस होते. चार वर्षांनी तारीख लागते तेव्हा साक्षीदार सापडत नाही, एमबी सापडत नाही, चर तर केव्हाच बुजवलेला असतो. नुकसानभरपाईचा कायदाही पगार किती होता आणि मालक कोण होता हे विचारतो. हजेरीपटावर नावच नाही तर दोन्ही सिद्ध कसं करणार?

दुसरी गोष्ट आणखी जवळची. बाबासाहेबांच्या पुण्याईनं आपली पोरं इंजिनिअर झाली. आता काही ठिकाणी टेप आपल्याही हातात आहे. ज्युनिअर इंजिनिअर झालेल्या भावा, तुला सांगतो. अपघात झाला की पहिला निलंबित होतोस तू. वरचा साहेब म्हणतो, मी तोंडी सूचना दिली होती. तोंडी! तू मात्र लेखी सापडतोस, कारण एमबीत सही तुझी असते. तेव्हा साइट ऑर्डर बुकात एक ओळ लिही: 'चराला आधार नाही, माती कडेला आहे, काम बंद ठेवावे.' तारीख टाक, वेळ टाक, ठेकेदाराची सही घे. ती एक ओळ खालच्या माणसालाही वाचवील आणि तुलाही. ठेकेदार डोळे वटारील, साहेब बदली करील. करू दे. तुझा बाप त्याच चरात होता.

आणि ज्याची सही सगळ्यात महाग त्याला शिस्त लावणारं कोणी नाही. वकील चुकला तर १९६१ च्या कायद्याची बार कौन्सिल आहे, सनद जाते. आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरची सनद काढून घेईल असा देशपातळीवरचा कायदा नाही. मसुदे होतात, फायलीत पडतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्यांच्या त्या खात्यात मजुरांबरोबरच पाटबंधारे, वीज आणि सरकारी बांधकामही होतं. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळात आखली गेली. धरण आणि धरणावरचा मजूर एकाच टेबलावर होते. पुढं टेबलं वेगळी झाली. धरण इंजिनिअरांकडं गेलं, मजूर लेबर ऑफिसरकडं गेला, आणि मेलेला मजूर कोणाकडंच गेला नाही. ही टेबलं पुन्हा एकत्र आणायची मागणी आपण नाही तर कोण करणार?

म्हणून कामाचं बोलतो.

एक. बातमी कळताच टेप घेऊन जा. चराची खोली, रुंदी, कडेचा उतार, माती कडेपासून किती लांब, शिडी होती का, टेकू होते का, हे मोजा आणि फोटो काढा. दुसऱ्या दिवशी चर बुजवतात. पंचनाम्यात हे आकडे आलेच पाहिजेत यासाठी पोलीस ठाण्यात बसा.

दोन. फिर्यादीत फक्त मुकादमाचं आणि जेसीबी ड्रायव्हरचं नाव घालून बोळवण करू देऊ नका. मालक, ठेकेदार, सल्लागार, देखरेखीचा इंजिनिअर, सगळ्यांची नावं मागा. कामाच्या फलकावर ती असतात. फलक नसेल तर त्याचाही फोटो काढा.

तीन. माहितीच्या अधिकारात एमबी, टेंडर, साइट ऑर्डर बुक, हजेरीपट मागा. २००५ च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे. किती जणांनी वापरला?

चार. टेंडरातच उतार आणि टेकू यांचा वेगळा दर पाहिजे, आणि एमबीत त्यांना वेगळा रकाना. ज्याचं बिल निघतं तेच काम होतं. ठेकेदाराच्या दयेवर आपला जीव नको.

पाच. मेलेल्याच्या बाईला पक्षकार करा. साहेबलोकांचा लवाद असो की कोर्ट, तिचा वकील तिथं उभा राहिला पाहिजे. वर्गणी त्यासाठी काढू, हारतुऱ्यांसाठी नको.

पेन त्यांच्या हातातून आज सुटणार नाही. टेप आजपासून धरता येईल. पन्नास फुटी टेप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. प्रत्येक शाखेत एक ठेवा.

जय भीम.